दगडाचे नाव सांगणारा माणूस : डॉ. बिरबल साहनी

गेल्या उन्हाळ्यात आमच्या वस्तीवरची विहीर आणखी दोन परस खोल नेण्याचे काम चालले होते. सांगोल्याकडच्या माणसाला विहिरीचे काम म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. वर हातभर माती, मग मुरूम, मग मांजऱ्या आणि त्याखाली सुरुंगालाही सहजासहजी दाद न देणारा काळा पाषाण. यारीने वर आलेला दगडगोटा बांधाच्या कडेला पडत होता. आण्णांची न्याहारी घेऊन गेले असता त्या ढिगाऱ्यात मला मुठीएवढा एक दुधी रंगाचा दगड सापडला. त्याच्या फुटलेल्या अंगावर काळ्या रंगात हुबेहूब नेच्याचे पान उमटले होते. मधला दांडा, त्याला फुटलेल्या फांद्या, त्या फांद्यांना आणखी बारीक पाने! मी हरखून गेले.

पुढे महाविद्यालयात एक लहानसे प्रदर्शन भरले, तेव्हा तो दगड मी मोठ्या अभिमानाने टेबलावर मांडला आणि शेजारी सुवाच्य अक्षरात चिठ्ठी लावली : अश्मीभूत वनस्पती, सांगोला, वय सुमारे सहा कोटी वर्षे. दोन दिवस मैत्रिणींनी, प्राध्यापकांनी कौतुक केले. तिसऱ्या दिवशी एक वृद्ध पाहुणे आले. आयुष्यभर भूगर्भशास्त्रात काम करून ते निवृत्त झाले होते. त्यांनी खिशातून भिंग काढले, दगड उजेडात धरून बराच वेळ पाहिला आणि अगदी हळू आवाजात मला सांगितले की, हे पान नव्हे. मँगॅनीजचा अंश असलेले पाणी दगडाच्या बारीक फटीत झिरपते, त्यातला क्षार मागे राहतो आणि तो अशा फांद्याफांद्यांनी वाढतो. या नक्षीने आजवर पुष्कळांना फसवले आहे. मग त्यांनी मला एकच गोष्ट विचारली : हे पान आहे असे मी कशाच्या आधारावर लिहिले होते? पानासारखे दिसते, यापलीकडे माझ्याजवळ उत्तर नव्हते.

चिठ्ठी मी मुकाट्याने काढून घेतली. पुढचे दोन दिवस मला मान वर करवत नव्हती. तेव्हा आमच्या भूगोलाच्या सरांनी ग्रंथालयातून एक जुने पुस्तक काढून हाती दिले आणि बिरबल साहनी यांचे चरित्र वाचल्यावरच किती लाज वाटून घ्यायची ते ठरव, असे बजावले. मी कलाशाखेची विद्यार्थिनी. वनस्पतिशास्त्राशी माझा संबंध दहावीनंतर सुटलेला. तरीही ते चरित्र मी एका बैठकीत वाचून काढले आणि पुढे मिळेल तेथून त्यांच्याविषयी वाचत गेले. त्या वाचनातून उभे राहिलेले साहनी माझ्या विद्यार्थिमित्रांपुढे ठेवावेत, एवढाच या लेखाचा हेतू.

बिरबल साहनी यांचा जन्म १४ नोव्हेंबर १८९१ रोजी पंजाबातील भेरा या गावी झाला. झेलम नदीकाठचे हे गाव आता पाकिस्तानात आहे. तेथून मिठाच्या डोंगररांगा फार दूर नाहीत. आपल्याकडे उपासाला आणि औषधाला लागणारे सैंधव ज्या खेवड्याच्या खाणीतून येत असे, ती खाण याच रांगांत आहे. या मिठाच्या डोंगरांची आठवण वाचकांनी ठेवावी. बिरबलांच्या आयुष्याच्या अखेरीस ते पुन्हा समोर येणार आहेत.

वडील रुचिराम साहनी हे लाहोरच्या सरकारी महाविद्यालयात रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. ज्ञानाची तहान म्हणजे काय, हे मुलांना त्यांच्याकडे पाहूनच कळत असावे. पन्नाशी उलटल्यावर हा गृहस्थ १९१४ साली संशोधनासाठी युरोपात गेला आणि महायुद्ध पेटल्यावर मँचेस्टरला रदरफर्ड यांच्या प्रयोगशाळेत किरणोत्सर्गावर काम करीत राहिला. पुढे राष्ट्रीय चळवळीच्या काळात सरकारने दिलेला रायसाहेब हा किताबही त्यांनी सोडून दिला. सुटीत ते मुलांना घेऊन हिमालयात पायी भटकत. बिरबलांनी लहानपणीच हिमनद्या तुडवल्या, खिंडी ओलांडल्या आणि पाने, फुले, दगड यांनी झोळ्या भरल्या. घरातल्या शिस्तीपेक्षा या भटकंतीनेच त्यांना घडवले, असे म्हटले तर वावगे होऊ नये.

त्या काळी हुशार मुलाने विलायतेस जाऊन आय. सी. एस. व्हावे, ही कोणत्याही बापाची इच्छा असे. रुचिरामांचीही होती. मुलाने नम्रपणे सांगितले की, आज्ञा असेल तर ती मी पाळीन. पण माझा कल विचाराल तर तो वनस्पतिशास्त्राकडे आहे. बापाने हट्ट सोडला. आपल्या गावाकडे आजही स्पर्धा परीक्षेची पुस्तके डोक्याशी घेऊन झोपणारी किती मुले आहेत आणि त्यांतल्या कितींना त्यांचा कल कोणी विचारला आहे, हा प्रश्न येथे माझ्या मनात आल्यावाचून राहिला नाही.

१९११ मध्ये लाहोरची पदवी घेऊन बिरबल केंब्रिजच्या इमॅन्युएल कॉलेजात दाखल झाले. तेथे त्यांना प्राध्यापक सिवर्ड हे गुरू लाभले. पुरातन वनस्पतींच्या अभ्यासात सिवर्ड यांचा अधिकार मोठा होता. गुरुशिष्यांनी मिळून भारतातील गोंडवन काळाच्या अश्मीभूत वनस्पतींची नव्याने तपासणी केली. ती १९२० मध्ये प्रसिद्ध झाली. परंतु मला त्याहून महत्त्वाचा वाटला तो बिरबलांचा १९१५ मधला एक चिमुकला निबंध. गिंको नावाच्या झाडाच्या बीजांडात त्यांना परक्या झाडाचे परागकण आढळले. वाऱ्यावर उडत आलेले परागकण भलत्याच झाडाच्या बीजांडात शिरतात, एवढीच गोष्ट. पण चोवीस वर्षांच्या तरुणाने तिच्यातून अश्मशास्त्रज्ञांना सावध केले. दगडातल्या बीजांडात परागकण सापडला म्हणून तो त्याच झाडाचा, असे धरून चालू नका. शेजारी सापडलेली वस्तू नात्यातली असतेच असे नाही.

१९१९ मध्ये लंडन विद्यापीठाची डी. एस्‌सी. मिळवून ते मायदेशी परतले. बनारस व लाहोर येथे थोडा काळ अध्यापन केल्यावर १९२१ मध्ये नव्या लखनौ विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे पहिले प्राध्यापक म्हणून रुजू झाले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले. त्यापूर्वी १९२० मध्ये त्यांचा सावित्रीबाईंशी विवाह झाला होता. पतीच्या संशोधनाच्या प्रवासांत त्या बरोबर असत. १९२९ मध्ये केंब्रिजने त्यांना एस्‌सी. डी. ही पदवी दिली, १९३६ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. अंगात मात्र खादीच राहिली.

आता त्यांच्या कामाकडे वळू. अश्म ओळखणे म्हणजे काय? माझ्यासारखीने दगड पाहून चिठ्ठी लिहिली, तसे ते नसते. अश्मीभूत लाकडाचा किंवा फळाचा तुकडा आधी करवतीने कापावा लागतो. त्याची एक बाजू गुळगुळीत घासून काचपट्टीला चिकटवतात आणि मग दुसरी बाजू घासत घासत तो पापुद्रा इतका पातळ करतात की, दगडातून उजेड आरपार दिसू लागतो. तेव्हा कुठे सूक्ष्मदर्शकाखाली पेशींच्या भिंती, नलिका, बीजाचे आवरण दिसते. परागकण व बीजुके मिळवायची असली तर दगड तीव्र आम्लात विरघळवतात. खडक विरतो, पण परागाचे कवच विरत नाही. एवढ्या चिवट कवचावर निसर्गाने प्रत्येक जातीसाठी निराळे काटे, खाचा आणि छिद्रे कोरून ठेवलेली असतात. ती मोजायची, मापायची, आजच्या आणि कालच्या शेकडो नमुन्यांशी ताडून पाहायची आणि मगच प्रजाती व जाती ठरवून नाव द्यायचे. नाव देणाऱ्याने आपला आधारनमुना जपून ठेवायचा असतो, म्हणजे पुढे कोणालाही तो पुन्हा तपासता येतो.

यात आणखी एक पेच असतो. झाड दगडात सबंध कधीच सापडत नाही. पान एका ठिकाणी, खोड दुसऱ्या ठिकाणी, फूल तिसऱ्याच ठिकाणी. मग प्रत्येक अवयवाला वेगळे नाव पडते आणि एकाच झाडाची तीन झाडे होऊन बसतात. बिहारच्या बाजूला असलेल्या राजमहाल टेकड्यांत, म्हणजे आताच्या झारखंडात, असेच झाले होते. टिलोफायलम हे पान, बकलँडिया हे खोड आणि विल्यमसोनिया हे फूल, अशी तिघांची नावे पुस्तकांत स्वतंत्र नांदत होती. साहनींनी त्यांच्या पेशींची रचना ताडून तिघांचे नाते जुळवले आणि १९३२ मध्ये ते सबंध झाड कागदावर उभे केले. त्याला गुरूंचे नाव दिले : विल्यमसोनिया सिवर्डियाना.

समुद्रातल्या सूक्ष्म जीवांच्या बाबतीतही हाच घोळ झाला आहे, हे वाचून मला गंमत वाटली. डायनोफ्लॅजेलेट नावाचे एकपेशीय जीव पाण्यात तरंगतात. त्यांतले काही आपल्याभोवती टणक पुटी करून तळाशी निजून राहतात आणि अनुकूल वेळ येताच त्या पुटीला दार पाडून बाहेर पडतात. मागे राहिलेल्या पुट्या कोट्यवधी वर्षे टिकतात. १८३० च्या दशकात बर्लिनच्या एरेनबर्ग यांना त्या प्रथम चकमकीच्या दगडात दिसल्या. पुटीचा आकार, तिच्यावरचे काटे आणि विशेषतः बाहेर पडण्याच्या दाराची घडण पाहून तिची जाती ठरवतात. अश्म पाहणाऱ्यांनी पुटीला एक नाव दिले, समुद्राचे पाणी तपासणाऱ्यांनी पोहणाऱ्या पेशीला दुसरे. १९६० च्या दशकात प्रयोगशाळेत जिवंत पुट्या उबवून पाहिल्या तेव्हा एकाच जिवाची दोन नावे उघडकीस आली. साहनी ज्या शास्त्राचा पाया भारतात घालत होते, त्याच शास्त्राची ही एक शाखा. आज लखनौच्या त्यांच्या संस्थेत असल्या पुट्यांवरही काम चालते.

साहनींचा आपल्या मातीशी, खरे म्हणजे आपल्या पाषाणाशी, संबंध आला तो पुढच्या कामात. आपण ज्या काळ्या पाषाणावर राहतो तो लाव्हारसाचा थिजलेला थर आहे. एकावर एक असे कित्येक थर साचून दख्खनचे पठार झाले. आज त्याने सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर भूमी व्यापली आहे. मात्र हे थर एका दमात साचले नाहीत. दोन उद्रेकांच्या मध्ये मोठा काळ जाई. तेवढ्यात वरच्या लाव्ह्याची माती होई, तळी साचत, झाडे उगवत, आणि मग पुन्हा लाव्हा येऊन सर्व झाकून टाकी. अशा मधल्या थरांत सापडलेले अश्म हे त्या विसाव्याच्या काळाचे साक्षीदार. नागपूरच्या परिसरातले असे अश्म एकोणिसाव्या शतकात स्टीफन हिस्लॉप या मिशनरी गृहस्थांनी गोळा केले होते. नागपूरचे हिस्लॉप महाविद्यालय त्यांच्याच नावाचे. १८६३ मध्ये नदी ओलांडताना बुडून त्यांचा अंत झाला.

याच पट्ट्यात, त्या वेळच्या छिंदवाडा जिल्ह्यात, मोहगाव कलान आणि सौसर ही ठिकाणे आहेत. सौसरकडच्या घराघरांत आजही मराठी बोलली जाते. तेथल्या गारेच्या दगडांत झाडे पेशी न् पेशी शाबूत राहून अश्मीभूत झाली आहेत. के. पी. रोडे यांच्यासह साहनींनी १९३७ मध्ये मोहगावच्या वनस्पतींवर निबंध लिहिला. १९४३ मध्ये राव या सहकाऱ्यासह त्यांनी सौसरच्या दगडातून एक चिमुकला जलनेचा ओळखला आणि त्याला अझोला इंटरट्रॅपिया असे नाव दिले. अझोला! आमच्या गावात दुभत्या जनावरांसाठी प्लॅस्टिकच्या खड्ड्यात पाणी साठवून जे हिरवे पोसतात तेच हे. डोळ्यांनी जेमतेम दिसावे अशा त्याच्या बीजुकांवरून साहनींनी कोट्यवधी वर्षांपूर्वी तेथे शांत, उथळ पाण्याचे तळे होते, हे वाचून दाखवले.

मोहगावलाच त्यांना एक फळ मिळाले. त्याची घडण कोणत्याही परिचित फळाशी पुरती जुळेना. साहनींनी त्याला नावच कोड्याचे दिले : एनिग्मोकार्पन, म्हणजे कोड्यातले फळ. पुढचे पद पारिजाय हे ओडिशाचे शास्त्रज्ञ प्राणकृष्ण पारिजा यांच्या गौरवार्थ. परंतु कोडे म्हणून ते सोडून दिले नाही. बीजांची मांडणी, आवरणाच्या पेशी, कप्पे यांची तपशिलवार तुलना करून १९४३ मध्ये त्यांनी हे फळ लिथ्रेसी म्हणजे मेंदीच्या कुलातले असल्याचे दाखवले. पुढच्याच वर्षी नागपूरचे व्ही. बी. शुक्ल यांनी त्याच ठिकाणच्या एका अश्मीभूत फुलाचे वर्णन केले, त्याला साहनियान्थस असे साहनींचेच नाव दिले आणि त्या कोड्यातल्या फळाशी त्याचे नाते दाखवले. फूल आणि फळ पुन्हा एका फांदीवर आले.

हे वाचताना मी एका वाक्यापाशी थबकले. डाळिंबाला पूर्वी वनस्पतिशास्त्रात स्वतःचे वेगळे कूल होते. आता ते लिथ्रेसी कुलातच धरतात. म्हणजे आमच्या बागेतले डाळिंब, ज्याच्यावर सांगोल्याची निम्मी घरे उभी आहेत, ज्याच्यावर तेल्या पडला की गावाच्या तोंडचे पाणी पळते, ते त्या दगडातल्या कोड्याचे भाऊबंद निघाले! काळ्या पाषाणात खड्डा खणून आम्ही डाळिंब लावतो, आणि त्याच जातीच्या पाषाणाच्या थरांत त्याच कुलातले फळ केव्हाचे निजलेले आहे. अशा वेळी शास्त्र कोरडे असते असे म्हणणाऱ्याची कीव येते.

या अश्मांनी एका मोठ्या वादात साक्ष दिली. दख्खनचा पाषाण केव्हाचा? भूगर्भशास्त्रज्ञांचा एक मोठा पक्ष त्याला क्रिटेशस, म्हणजे डायनोसॉरच्या काळाच्या अखेरचा मानी. साहनींनी १९३४ मध्ये हा प्रश्न पुन्हा उपस्थित केला. दगडांत ताडवृक्ष भरपूर, लंडनजवळच्या इओसीन काळच्या मातीत सापडणाऱ्या निपा ताडासारखी फळेही आहेत, तेव्हा हा पाषाण त्यानंतरच्या तृतीय युगातला असला पाहिजे, असे त्यांचे मत होते. हिस्लॉप यांनीही १८६० मध्ये असाच कौल दिला होता. पुढे किरणोत्सर्गी मूलद्रव्यांवरून खडकाचे वय मोजता येऊ लागले, नवे परागकण सापडले, आणि पाषाणाचे वय सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षे ठरले. दोन युगांची सीमा या थरांच्या मधूनच जाते. नागपूर-छिंदवाड्याकडचे बहुतेक अश्मयुक्त थर मात्र सीमेच्या अलीकडचे नसून पलीकडचे, म्हणजे क्रिटेशसच्या अखेरचे निघाले. साहनींनी फळ बरोबर ओळखले, कूल बरोबर सांगितले; फळाच्या वयाचा अंदाज थोडा चुकला.

इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी एक गोष्ट सांगतो म्हटले तरी सांगायलाच हवी. १९३६ मध्ये रोहतकजवळच्या खोकराकोट टेकाडावर साहनी गेले असता त्यांच्या नजरेला मातीच्या भाजलेल्या तुकड्यांवर नाण्यांचे ठसे दिसले. ते प्राचीन यौधेय गणाच्या नाण्यांचे साचे होते. ज्या बारकाईने ते परागकण पाहत त्याच बारकाईने त्यांनी हे साचे अभ्यासले आणि प्राचीन भारतात नाणी कशी ओतत, यावर १९४५ मध्ये ग्रंथ लिहिला. नाणकशास्त्रज्ञांनी त्यांना पदक दिले. पाहणाऱ्याची नजर तयार असली की शास्त्र आणि कला यांच्या शाखा वेगळ्या राहत नाहीत, हे आम्हां कलाशाखेच्या मुलांनी ध्यानात घ्यावे.

आता त्या मिठाच्या डोंगरांकडे. खेवड्याच्या मिठाचा थर कँब्रियन काळच्या, म्हणजे पन्नास कोटी वर्षांहून जुन्या खडकांच्या खाली आहे. खालचा थर अधिक जुना, हा साधा नियम. पण काहींच्या मते डोंगर घडताना जुने खडक सरकून नव्या मिठावर चढले होते. १९४४ पासून साहनींनी या वादात उडी घेतली. त्यांनी मीठ आणि त्याच्यासोबतचे खडक विरघळवून पाहिले. त्यांत लाकडाचे सूक्ष्म कण, गवताच्या पात्याचे तुकडे, कीटकांचे अवशेष दिसले. कँब्रियन काळात जमिनीवर गवतही नव्हते आणि लाकूडही नव्हते. तेव्हा हे मीठ इओसीन काळचे, असा निर्णय त्यांनी ठामपणे मांडला. बाहेरची भेसळ टाळण्याची आपण काळजी घेतली आहे, असाही त्यांचा दावा होता.

काळाने हा निर्णय फिरवला. ते मीठ खरोखरच कँब्रियनच्या आरंभाचे आणि त्याच्याही पूर्वीचे आहे, हे आज मान्य झाले आहे. मीठ पाण्याने विरघळते आणि पुन्हा थिजते, खडकांना फटी असतात. त्यांतून ते गवत आणि ते कीटक मागाहून आत गेले असावेत. साहनींनी दाखवलेले कण खोटे नव्हते. ते गवतच होते. पण ते त्या मिठाचे नव्हते. ते परके होते.

येथे मला १९१५ मधला तो चिमुकला निबंध आठवला आणि पुस्तक मिटून मी काही वेळ तशीच बसून राहिले. परक्या परागकणांपासून सावध राहा, असे ज्याने चोवीसाव्या वर्षी साऱ्या जगाला बजावले, त्यालाच पन्नाशीनंतर परक्या कणांनी चकवले. तेही लहानपणी पाहिलेल्या डोंगरांत. पण त्यांच्या चुकीत आणि माझ्या चुकीत एक अंतर आहे. माझ्या चिठ्ठीवर निष्कर्ष होता आणि आधार नव्हता. साहनींनी नमुने कोठून घेतले, कसे धुतले, कसे विरघळवले, त्यांत काय दिसले हे सर्व लिहून ठेवले होते. विरुद्ध मताच्या लोकांना बोलावून उघड परिसंवाद घडवले होते. म्हणूनच दुसऱ्यांना त्यांची चूक शोधता आली. आपली चूक सापडावी अशी सोय करून ठेवणे, हे मला त्यांच्या अचूक निर्णयांहूनही मोठे वाटते.

आयुष्यभराचे त्यांचे स्वप्न होते ते पुरावनस्पतिविज्ञानाच्या स्वतंत्र संस्थेचे. १९४६ मध्ये ती लखनौला स्थापन झाली. आपली मालमत्ता, ग्रंथसंग्रह आणि अश्मांचा साठा साहनी पतिपत्नींनी तिला देऊन टाकला. ३ एप्रिल १९४९ रोजी पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते संस्थेच्या इमारतीची कोनशिला बसली. योगायोग असा की, दोघांचा जन्मदिवस १४ नोव्हेंबरच. ती कोनशिलाही आगळी होती. निरनिराळ्या देशांतले, निरनिराळ्या युगांतले अश्म तिच्यात जडवलेले होते. पृथ्वीचा इतिहास एका दगडात बसवून त्यावर त्यांनी आपल्या संस्थेचा पाया घातला.

त्यानंतर अवघ्या सात दिवसांनी, १० एप्रिल १९४९ रोजी, हृदयविकाराने साहनींचे निधन झाले. वय सत्तावन्न. १९५० मध्ये स्टॉकहोम येथे भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेचे अध्यक्षपद त्यांना मिळाले होते; ते भूषवायला ते उरले नाहीत. कोनशिला बसली होती, भिंती उठायच्या होत्या. अशा वेळी सावित्रीबाई पुढे झाल्या. त्यांनी शोक बाजूला ठेवून संस्थेची धुरा उचलली, इमारत पुरी करवली. २ जानेवारी १९५३ रोजी नेहरूंच्याच हस्ते तिचे उद्घाटन झाले. १९६९ पर्यंत सावित्रीबाईंनी संस्थेचा भार वाहिला. वाक्य अर्धे सोडून गेलेल्या माणसाचे वाक्य त्यांनी पूर्ण केले. साहनींचे चरित्र लिहिताना या बाईंना एका ओळीत आटोपणे अन्यायाचे होईल, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

आमची विहीर शेवटी दोन परस खाली गेली. पाणी बेताचेच लागले, पण डाळिंबे तगली. खालच्या अंगाला काळ्या पाषाणांच्या दोन थरांमध्ये लाल मातीचा एक पट्टा दिसतो. पूर्वी मी तो कधी नीट पाहिला नव्हता. एक लाव्हा थिजल्यावर आणि दुसरा येण्यापूर्वी या जमिनीने जो विसावा घेतला, त्याची ती खूण असते, हे आता मला कळते. आण्णांना मी ते समजावून सांगितले. त्यांनी काठावर बसून ऐकून घेतले आणि त्या लाल पट्ट्यातून पाणी का झिरपते, एवढेच विचारले. त्याचे उत्तर मला अजून शोधायचे आहे.

तो दुधी दगड मी टाकून दिलेला नाही. या वर्षी प्रदर्शन भरले की तो पुन्हा मांडणार आहे. चिठ्ठी मात्र नवी लिहिली आहे : गारेचा दगड, त्यावर मँगॅनीजच्या क्षाराची नक्षी, वनस्पती नव्हे, सांगोला तालुक्यातील विहिरीतून. आणि त्याखाली बारीक अक्षरात, पूर्वी चुकीने अश्म म्हणून मांडलेला. डॉ. साहनींना माझ्याकडून यापेक्षा वेगळे अभिवादन काय असू शकेल?